कडेवर घेतलेले लेकरू

श्रीक्षेत्र पैठण 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातच होते. तेथे गोदावरीच्या तापलेल्या वाळूत रडणारे परके पोर एकनाथमहाराजांनी कडेवर घेऊन त्याच्या घरी पोचविले, ही कथा सर्वश्रुत आहे. परंतु ज्याला घरच नाही, आणि जे विकलांगही आहे, त्या लेकराने कोठे जावे?

अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी याचे उत्तर आचरणाने दिले. टाकून दिलेल्या अंध, मूकबधिर, बुद्धीने अधू अशा 123 मुलांना त्यांनी पिता म्हणून आपले नाव लावले. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

हे व्रत सोपे नव्हे. इतर अपत्ये मोठी होऊन मायबापांना आधार देतात. यांतील कित्येकांना जन्मभर आधार द्यावा लागतो. शिवाय नियमाप्रमाणे 18 वर्षे पूर्ण होताच मुलास बालगृह सोडावे लागते. या नियमाविरुद्ध शंकरबाबांनी शासनदरबारी वारंवार गाऱ्हाणे मांडले. बापाचे घर वय विचारीत नाही, हेच त्यांचे म्हणणे.

फळही थोडे नाही. त्यांची एक अंध कन्या 2024 मध्ये राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. मात्र जे लेकरू स्वतःचे नावही उच्चारू शकत नाही, तेही त्या घरी तितकेच लाडके आहे.

असे मूल पदरी घेऊ इच्छिणाऱ्यांस सिकंदराबादेत मनोविकासनगर येथील, 1984 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्थेचे मार्गदर्शन लाभू शकते. मात्र एकदा कडेवर घेतलेले लेकरू पुन्हा खाली ठेवावयाचे नाही, हा निश्चय ज्याचा त्यानेच करावयाचा असतो.