शिष्यवृत्ती आणि श्रमाचा मोबदला

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यासाठी आम्ही जो विषय घेतला आहे तो ऐकून काहींना नवल वाटेल. अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळाडूंना शिष्यवृत्तीच्या वर पैसे मिळावेत की नाहीत, या वादाशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. परंतु आपल्यापैकी बहुतेकांच्या घरातली पहिली शिकलेली पिढी शिष्यवृत्तीवर शिकली आहे. दाखले गोळा करणे, फॉर्म भरणे आणि वर्ष सरत आल्यावर रक्कम हाती येणे, हा अनुभव आपल्याला नवा नाही. म्हणूनच शिष्यवृत्ती म्हणजे नेमके काय? ती उपकार आहे, हक्क आहे की मजुरी आहे? या प्रश्नाचा विचार आपणच करायला हवा. अमेरिकेत हा प्रश्न सत्तर वर्षे कोर्टात गाजतो आहे. त्यातून आपल्याला शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

प्रथम तिथली परिस्थिती समजून घेऊ. आपल्याकडे कॉलेजचे सामने म्हणजे पन्नास-शंभर मित्रमंडळी, एक तंबू आणि संध्याकाळी बक्षीस समारंभ. अमेरिकेत तसे नाही. मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानात एक लाखाहून अधिक माणसे बसतात. (हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे, तो हाताने चेंडू घेऊन, अंगावर अंग आदळून खेळायचा खेळ.) पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉल स्पर्धेच्या प्रक्षेपणासाठी २०१० साली दूरचित्रवाणी कंपन्यांनी चौदा वर्षांचा करार केला, तो होता १० अब्ज ८० कोटी डॉलरचा. मोठ्या विद्यापीठांचे प्रशिक्षक वर्षाला लाखो डॉलर मिळवतात, काही तर ऐंशी लाख, एक कोटी डॉलरपर्यंत पोहोचले. कित्येक राज्यांत सरकारी तिजोरीशी संबंधित नोकरांमध्ये सर्वांत जास्त पगार राज्यपालाचा नसतो, विद्यापीठाच्या प्रशिक्षकाचा असतो. आणि ज्यांच्या घामावर हे सारे उभे आहे त्या अठरा-वीस वर्षांच्या मुलांना मात्र दीर्घकाळ शिकवणीची फी, राहणे, जेवण आणि पुस्तके एवढेच मिळत असे.

हे असे का झाले? १९०५ साली अमेरिकेत फुटबॉल खेळताना अनेक तरुण दगावले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी विद्यापीठांच्या प्रतिनिधींना बोलावून कानउघाडणी केली. पुढच्या वर्षी, १९०६ मध्ये, जी संघटना स्थापन झाली तीच पुढे नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन, म्हणजे एनसीएए, या नावाने ओळखली जाऊ लागली. खेळाडूंच्या जिवाची काळजी घेण्यासाठी जन्मलेली ही संघटना पुढे खेळाडूंच्या खिशाची राखणदार बनली. हौशी खेळाडूने पैसे घेऊ नयेत, हे तिचे ब्रीद. मात्र १९५६ पासून केवळ खेळातील कौशल्यावर शिष्यवृत्ती देण्यास तिने मान्यता दिली.

मित्रहो, इथे एका शब्दाची गोष्ट सांगितली पाहिजे. तो शब्द म्हणजे 'विद्यार्थी-खेळाडू'. ऐकायला किती भारदस्त! परंतु तो आला कुठून? डेन्व्हर विद्यापीठातील नेमेथ नावाच्या खेळाडूला सरावात दुखापत झाली. १९५३ साली कोलोरॅडो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला विद्यापीठाचा कामगार मानून भरपाई मंजूर केली. विद्यापीठे हादरली. खेळाडू कामगार ठरला तर उद्या प्रत्येक मोडलेल्या हाडाचा हिशेब द्यावा लागेल! त्याच सुमारास एनसीएएने 'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्द रूढ केला आणि सगळीकडे तोच वापरला जाईल असे पाहिले. पुढे १९५५ साली त्याच राज्यात फोर्ट लुईस कॉलेजचा रे डेनिसन हा खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या विधवेने भरपाईसाठी दावा केला. १९५७ साली निकाल लागला: कॉलेजचा धंदा फुटबॉलचा नाही, सबब मृत हा कामगार नाही, सबब भरपाई नाही.

एका शब्दाने काय होते, असे आपण म्हणतो. एका शब्दाने एका विधवेची भाकरी जाते. माणसाला काय नाव द्यायचे हे ज्याच्या हाती असते, त्याला किती द्यायचे हेही त्याच्याच हाती असते. ही गोष्ट आपल्या समाजाला कोणी नव्याने शिकवायला नको.

आता शिष्यवृत्तीच्या अटींकडे वळू. १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानात नोकरी, असा तो करार होता. अट कडक होती, पण ती कागदावर स्पष्ट होती आणि ती शिक्षणानंतरची होती. कोलंबियात असताना बाबासाहेबांनी आपला वेळ ग्रंथालयात घालवावा की दुसरीकडे, हे ठरवणारा कोणी मुकादम तिथे उभा नव्हता. म्हणूनच ते पुरेपूर शिकू शकले.

अमेरिकन खेळाडूची शिष्यवृत्ती याच्या उलट. १९७३ साली एनसीएएने चार वर्षांच्या शिष्यवृत्तीची हमी काढून टाकली आणि ती दर वर्षी नव्याने द्यायची असे केले. म्हणजे प्रशिक्षकाची मर्जी राहिली तर पुढचे वर्ष. गुडघा गेला, खेळ घसरला, तर कॉलेजही गेले. ही रीत २०१२ पर्यंत चालली. त्यानंतर अनेक वर्षांची शिष्यवृत्ती देण्याची मुभा पुन्हा मिळाली. कामाचे तास म्हणाल तर, २०१४ साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉल खेळाडूंनी युनियनसाठी अर्ज केला तेव्हा कामगार मंडळाच्या विभागीय अधिकाऱ्याने चौकशी केली. हंगामात हे खेळाडू आठवड्याला चाळीस ते पन्नास तास खेळाला देतात, असे त्यात आढळले. हे तर पूर्ण वेळेचे काम झाले! त्या अधिकाऱ्याने त्यांना कर्मचारी ठरवले. पुढच्या वर्षी वरिष्ठ मंडळाने या प्रकरणात लक्ष घालण्याचेच नाकारले आणि युनियन बारगळली.

इथे विरोधक म्हणतील, शिक्षण हाच तर त्यांचा मोबदला आहे. हजारो डॉलरची पदवी फुकट मिळते, आणखी काय हवे? हा युक्तिवाद आम्ही हसण्यावारी नेत नाही. शिक्षणाचे मोल आपल्याइतके कोण जाणतो? पण मग ते शिक्षण खरे असले पाहिजे. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात, चॅपेल हिल येथे, १९९३ ते २०११ अशी अठरा वर्षे असे वर्ग चालले की जे कधी भरतच नव्हते. एक निबंध द्यायचा, कार्यालयातल्या कर्मचाऱ्याने त्यावर भरघोस गुण द्यायचे. २०१४ च्या अहवालानुसार ३१०० हून अधिक विद्यार्थी त्यातून गेले आणि त्यांत सुमारे निम्मे खेळाडू होते. २०१७ साली एनसीएएने यावर शिक्षा केली नाही. हे वर्ग सर्वच विद्यार्थ्यांना खुले होते, असे कारण निघाले. मजुरी म्हणून शिक्षण द्यायचे आणि तेही खोट्या नाण्यात! हॉटेलात कोणी खेळाडूच्या जेवणाचे पैसे दिले तर चौकशी करणारी संघटना, खेळाडूचे शिक्षणच चोरीला गेले तेव्हा गप्प बसली.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. पैसा मिळवून देणारे खेळ दोनच, फुटबॉल आणि पुरुषांचा बास्केटबॉल. त्यांच्या वरच्या श्रेणीत कृष्णवर्णीय मुलांचा भरणा मोठा आहे, आणि त्यांतली अनेक गरीब घरांतून येतात. प्रशिक्षक, संचालक बहुतांशी गोरे. या दोन खेळांच्या उत्पन्नावर टेनिस, गोल्फ, पोहणे यांसारख्या इतर खेळांचे खर्च भागतात. कोणाच्या श्रमावर कोण शिकतो, हा प्रश्न तिथेही विचारावा लागतो.

विरोधी बाजूचे दोन मुद्दे मात्र खरोखर वजनदार आहेत. पहिला असा की, बहुसंख्य महाविद्यालयांना खेळातून नफा होत नाही. एनसीएएच्या अखत्यारीत पाच लाखांहून अधिक खेळाडू येतात. त्यांतले फार थोडे लाखांची गर्दी खेचतात, आणि दोन टक्केही पुढे व्यावसायिक खेळाडू होत नाहीत. दुसरा मुद्दा मुलींचा. १९७२ च्या 'टायटल नाइन' कायद्याने शिक्षणात, आणि म्हणून खेळातही, मुलींना समान संधीचा हक्क दिला. सगळा पैसा फुटबॉलच्या मुलांकडे गेला तर मुलींचे संघ बंद पडतील काय, ही भीती रास्त आहे. न्याय मागताना दुसऱ्या दुबळ्याच्या ताटातले काढून घेतले जाणार नाही, हे पाहिलेच पाहिजे.

तरीही कोर्टाच्या पायऱ्या चढणारे चढत राहिले. एड ओबॅनन हा १९९५ च्या विजेत्या यूसीएलए संघाचा बास्केटबॉल खेळाडू. एके दिवशी त्याला संगणकावरील खेळात आपलीच प्रतिमा दिसली. चेहरेपट्टी त्याची, क्रमांक त्याचा, पैसे मात्र दुसऱ्यांचे. २००९ साली त्याने दावा लावला आणि २०१४ साली न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी एनसीएएचे नियम मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करतात असा निकाल दिला. २०१९ साली कॅलिफोर्निया राज्याने खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर कमाई करू देणारा कायदा केला. जून २०२१ मध्ये ऑल्स्टन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी एनसीएएविरुद्ध कौल दिला, आणि १ जुलै २०२१ पासून देशभर खेळाडूंना जाहिरातींतून कमावण्याची मोकळीक मिळाली. शेवटी जून २०२५ मध्ये हाऊस खटल्यातील तडजोड मंजूर झाली. जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २ अब्ज ८० कोटी डॉलर, आणि १ जुलै २०२५ पासून तडजोडीत सामील होणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाला आपल्या खेळाडूंना पहिल्या वर्षी २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट वाटण्याची मुभा.

म्हणजे प्रश्न सुटला काय? नाही. भरपाईच्या वाटपात फुटबॉल व पुरुषांच्या बास्केटबॉलला सिंहाचा वाटा ठरला. त्याविरुद्ध काही महिला खेळाडूंनी लगेच अपील केले. संघातील खेळाडूंच्या संख्येवर नवी मर्यादा आल्याने शिष्यवृत्तीशिवाय केवळ आवडीने खेळणाऱ्या कित्येकांची जागा धोक्यात आली. आणि मूळ प्रश्न, खेळाडू कामगार आहे की नाही, त्याला तडजोडीने हातच लावला नाही. पैसे मिळाले, पण डेनिसनच्या विधवेने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही.

यावर आमचे मत आम्ही स्पष्ट सांगतो. शिष्यवृत्ती आणि मोबदला ही दोन वेगळी देणी आहेत. शिष्यवृत्ती माणसाला शिकण्यासाठी द्यायची असते. मोबदला केलेल्या श्रमासाठी. एकाच्या नावावर दुसरे बुडवता येत नाही. ज्या खेळाडूच्या श्रमातून विद्यापीठ कोट्यवधी कमावते त्याला त्यातला वाटा मिळालाच पाहिजे. जिथे कमाई नाही तिथे पगाराचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. पण कमाई असो वा नसो, तीन गोष्टी प्रत्येक खेळाडूच्या हक्काच्या आहेत: दुखापतीचा पूर्ण इलाज, पदवी मिळेपर्यंत न तुटणारी शिष्यवृत्ती आणि खरे शिक्षण. यांतले आम्ही शेवटच्या गोष्टीला सर्वांत मोठे मानतो. शरीर दहा वर्षे साथ देते, पैसा त्याहून लवकर संपतो. खरे शिक्षण मात्र हिरावून घेता येत नाही.

या गोष्टीतला एक माणूस अजून सांगायचा राहिला. वॉल्टर बायर्स हे १९५१ पासून छत्तीस वर्षे एनसीएएचे सर्वेसर्वा. 'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्द रुजवणारे हेच. निवृत्तीनंतर, १९९५ साली, त्यांनी पुस्तक लिहून आपणच उभारलेल्या व्यवस्थेवर कोरडे ओढले आणि खेळाडूंचे शोषण होते हे कबूल केले. सत्य कळल्यावर ते उघडपणे सांगायला म्हातारपणही आड येत नाही, हे त्यांच्याकडून घ्यावे. मात्र ते सत्य तीस वर्षे आधी सांगितले असते तर किती तरुणांचे भले झाले असते, हेही विसरू नये.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कोणी खेळाच्या कोट्यातून, कोणी शिष्यवृत्तीतून, कोणी वसतिगृहाच्या आधाराने शिकत आहात. मिळणारी मदत घ्या, ताठ मानेने घ्या. पण कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी तो पूर्ण वाचा. आपल्याला कोणते नाव दिले आहे, त्या नावाखाली काय मिळते आणि काय जाते, हे विचारा. वर्गात खरोखर शिकवले जाते की नाही, हेही विचारा. विचारणाऱ्याला लोक उद्धट म्हणतील. म्हणू द्या. आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कदाचित आपल्या पिढीला मिळणार नाही, पण आपण विचारलाच नाही तर पुढच्या पिढीलाही मिळणार नाही.