लसावि आणि आपली साठी



१२ आणि ३० यांचा लसावि मी फळ्यावर ३६० काढला होता. गुरुजी म्हणाले, "भाग जातो रे, पण याहून लहान संख्या आहे. अवयव पाड." १२ म्हणजे २×२×३, ३० म्हणजे २×३×५. सामाईक २ आणि ३ एकदाच घेतले : २×२×३×५, उत्तर ६०.

गुरू ग्रहाची सूर्यप्रदक्षिणा सुमारे १२ वर्षांची, शनीची सुमारे ३०. दोघे ६० वर्षांनी जवळपास मूळ जागी येतात. पंचांगातली संवत्सरेही ६०च. सिद्धिविनायकाच्या केळझरात आज आपणही साठीचे होऊन जमलो. काही बाकं रिकामी आहेत. पुढच्या ६० वर्षांची वाट पाहणं आपल्याला परवडायचं नाही. दरवर्षी भेटू या.