बिनलष्करी राष्ट्राची मुत्सद्देगिरी



ज्या राष्ट्राजवळ सैन्यच नाही, ते आरमारी सत्तेशी झगडणार कसे? आम्ही उदाहरण घेतो ते आइसलंडचे. १९७५ साली तेथील लोकसंख्या सव्वादोन लाखांच्या आत होती. आपल्याकडील एखाद्या मध्यम शहराएवढी म्हणा ना! जमीन नापीक, निर्यातीत प्रमुख माल मासळी. आणि त्याच मासळीवर ब्रिटिश ट्रॉलर पिढ्यान्‌पिढ्या जगत आले होते.

आइसलंडने आपली मासेमारीची हद्द १९५२ साली चार मैलांवर नेली, १९५८ साली बारा, १९७२ साली पन्नास आणि १९७५ साली दोनशे. १९५२ नंतर ब्रिटिश धंदेवाल्यांनी आइसलंडची मासळी आपल्या बंदरांत उतरू दिली नाही. तिला मोठे गिऱ्हाईक मिळाले ते सोव्हिएत रशियात! हा धडा रेक्याविकमधील मुत्सद्दी विसरले नाहीत.

समुद्रावरचा सामना मोठा चमत्कारिक होता. तटरक्षक दलाच्या मूठभर नौका एक कापणी मागे ओढीत ट्रॉलरच्या पाठीमागून आडव्या जात आणि जाळ्याचे पोलादी दोर तोडीत. जाळे मासळीसकट तळाशी! ब्रिटनने फ्रिगेटी पाठविल्या. पण मित्रराष्ट्राच्या नौकेवर तोफ डागावयाची कशी? दोघेही नाटो संघटनेचे सभासद. तेव्हा उरली ती धडकाधडकी. आणि तीत पातळ पत्र्याच्या फ्रिगेटींचेच हाल फार झाले. ही लुटुपुटीची लढाई मात्र नव्हे. १९७३ साली अशाच एका टकरीनंतर दुरुस्ती करताना आइसलंडच्या नौकेवरील एक अभियंता विजेच्या धक्क्याने मरण पावला.

तथापि, दोर तोडून ब्रिटन नमले असे कोणी समजू नये. खरे मर्म केफ्लाविक येथे होते. १९५१ च्या करारान्वये तेथे अमेरिकेचा तळ होता, आणि अटलांटिकमध्ये उतरणाऱ्या रशियन पाणबुड्यांवर तेथून नजर ठेवली जाई. ‘आमचे रक्षण होत नसेल तर हा तळ आम्हांस कशाला?’ असा सूर आइसलंडात उठू लागला, तेव्हा ब्रुसेल्स व वॉशिंग्टन येथे झोप उडाली. मासळीचे भांडण वाढू देणे हेच मुळी आइसलंडच्या हिताचे होते. ते जितके चिघळे, तितके ब्रिटनचेच मित्र ब्रिटनला आवरू लागत. १९७६ च्या फेब्रुवारीत आइसलंडने ब्रिटनशी राजनैतिक संबंधच तोडले. नाटोचे सरचिटणीस लुन्स मध्यस्थीस लागले, आणि जूनमध्ये ऑस्लो येथे करार झाला : सरासरी चोवीस ब्रिटिश ट्रॉलर, तेही सहा महिने. पुढे हक्क संपला.

कायदा आइसलंडच्या बाजूस होता काय? १९७४ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पन्नास मैलांचा दावा ब्रिटनविरुद्ध मान्य केला नव्हता. आइसलंड तेथे हजरच राहिले नव्हते. आम्हांस हे वर्तन सर्वस्वी निर्दोष वाटत नाही. परंतु काळाचा ओघ त्यांच्या बाजूस होता. भारतानेही १९७६ च्या कायद्याने दोनशे मैलांचा पट्टा आपला म्हटला. आपल्या कोकणापुढचा समुद्रही त्यात आला. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारात तीच मर्यादा नमूद झाली.

इकडे हल आणि ग्रिम्सबी या बंदरांतील खलाशांचे संसार मात्र उघड्यावर पडले. आणि परके गेले तरी कॉड काही लगेच वाढला नाही; आता आइसलंडचेच ट्रॉलर तो उपसू लागले. शेवटी १९८४ साली त्या सरकारला स्वतःच्याच कोळ्यांना मासळी मापून द्यावी लागली.