वजनकाट्याजवळचा मुलगा
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



माझ्या आधी बोलणाऱ्यांनी आपल्या वर्गाच्या खोड्या इतक्या रंगवून सांगितल्या की मला आता वेगळंच काहीतरी बोलावं लागणार. संयोजकांनी विषय दिला आहे 'आपला रविवारचा दवाखाना'. दुपारच्या जेवणानंतर आपण जमा केलेल्या सव्वा लाखाचं काय करायचं ते ठरणार आहे, आणि महाआरोग्य शिबिर घ्यावं अशी सूचना आलेली आहे. मी त्या सूचनेच्या विरोधात बोलणार आहे. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर कोणी रागावायला नको.

नववीत असताना आपल्या शाळेच्या कोपऱ्यातल्या खोलीत दर रविवारी मोफत दवाखाना भरायचा, हे बहुतेकांना आठवत असेल. शहरातून एक-दोन डॉक्टर सायकलवर नाहीतर लुनावर यायचे. सर आपल्यापैकी आठ-दहा जणांना कामाला लावायचे. बाकं बाहेर काढायची, पाणी भरायचं, वहीत नाव-वय-गाव लिहायचं, म्हाताऱ्यांना हात धरून आत न्यायचं. मुली डोळे तपासायच्या तक्त्याजवळ, म्हणजे सहा मीटरवर खडूची रेघ मारून तिथे माणूस उभा करायचा आणि अक्षरं विचारायची. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी बाईंनी पुठ्ठ्यावर एका बाजूला उघडा असलेला चौकोन काढला होता. उघडी बाजू कुठे आहे ते हातानं दाखवायचं. माझ्याकडे वजनकाटा होता. त्याचा काटा रिकामा असतानाही दोन किलोवर उभा राहायचा, त्यामुळे प्रत्येकाच्या वजनातून दोन वजा करायचे. गणितात मला तेवढंच पक्कं यायचं.

आपल्या नालवाडीत हे काम काही आकाशातून पडलं नव्हतं. १९३२ च्या अखेरीस विनोबा इथे राहायला आले आणि १९३८ साली तब्येतीमुळे पवनारला, धाम नदीच्या काठी गेले. नालवाडीत असताना त्यांचं आणि त्यांच्या सोबत्यांचं आसपासच्या खेड्यांत फिरणं असायचं, आणि फिरताना कुष्ठरोगी किती आहेत हे डोळ्यांना दिसलं. त्यातून मनोहर दिवाण यांनी १९३६ साली शेजारीच दत्तपूरला कुष्ठधाम काढलं. त्या काळी या रोगावर खात्रीचं औषध नव्हतं. जखमा धुवायच्या, पट्टी बांधायची, माणसाला माणसासारखं राहू द्यायचं, एवढंच हातात होतं. सेवाग्रामला परचुरेशास्त्रींची सेवा स्वतः गांधीजी करायचे, ते आपल्याला प्रार्थनेच्या तासाला कितीदा तरी सांगितलेलं आहे. १९५१ साली वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान निघालं. तिथल्या डॉ. वर्देकरांनी घरोघरी जाऊन शोधा, समजावून सांगा आणि उपचार करा अशी पद्धत बसवली, आणि ती पुढे देशाच्या कुष्ठरोग कार्यक्रमात गेली. आपल्याला त्याचा अनुभव आहेच. शाळेत तपासणीवाले आले की मुलांनी ओळीनं शर्ट काढून उभं राहायचं. पाठीवर फिकट चट्टा दिसला की डोळे मिटायला सांगून पेनाच्या टोकानं स्पर्श करायचे आणि कुठे लागलं ते बोटानं दाखवायला लावायचे. आपल्यातले दोघं गुदगुल्या होऊन हसत सुटले होते. ते दोघं आज समोरच बसलेत.

तर हे सगळं आपल्याला माहीत होतं, म्हणूनच माझ्या हातून जे झालं ते झालं.

१९८७ चा पावसाळा असावा. रांगेत एक बंडी हाकणारा माणूस होता, असेल पस्तीस-चाळिशीचा. खोकल्याचं औषध घ्यायला आला होता. सदरा ओला होता म्हणून त्यानं काढून खांद्यावर टाकला आणि काट्यावर उभा राहिला. त्याच्या पाठीवर, कमरेच्या वर, मला फिकट चट्टा दिसला. तपासणीवाल्यांना पाहून पाहून मी स्वतःला अर्धा डॉक्टर समजत होतो. मी पेनाचं टोक लावलं, त्याला कळलं नाही. आणि मी ओरडलो, "सर, याले महारोग आहे!"

रांग जागच्या जागी थांबली. मागची बाई दोन पावलं मागे सरकली. तो माणूस काही बोलला नाही. सदरा घातला, बटणं लावली, अगदी एकेक करून लावली, आणि निघून गेला. खोकल्याचं औषधही त्यानं घेतलं नाही.

सरांनी मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. संध्याकाळी सायकलवर डबलसीट बसवून त्याच्या वस्तीवर घेऊन गेले. घराला कडी होती. दुसऱ्या दिवशी गेलो, कडीच. तिसऱ्या दिवशी शेजारीण म्हणाली, "ते गेले बाप्पा कामावर तिकडे दूर, बायकापोरं घेऊन." मग हळू आवाजात तिनं सांगितलं की त्याच्या मोठ्या पोरीची सोयरीक चालली होती, आणि त्या रविवारी रांगेत पाहुण्यांच्या गावचा एक माणूस उभा होता.

पुढच्या रविवारी सरांनी स्नेहसंमेलनातल्या नाटकाचा निळा पडदा आणून खोलीत दोरीवर टांगला. पडद्याआड एका वेळी एकच माणूस. आणि आम्हा पोरांना नियम: दिसेल ते वहीत लिहा, तोंडातून काढू नका. रोगाचं नाव डॉक्टर सांगतील, तेही पडद्याआड. तो पडदा कशासाठी आला हे बहुतेकांना माहीत नव्हतं. आज सांगून टाकलं.

दोन वर्षांनी, मी अकरावीत असताना, तो मला बाजारात दिसला. पोत्याचं तोंड सुतळीनं बांधत होता, आणि सुतळी दातात धरून ओढत होता. उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट आत वळलेलं होतं. मी जवळ गेलो. मला वाटलं ओळखणार नाही. तो म्हणाला, "तू तो वजनवाला पोरगा ना रे बाबू?"

मी सरांना जाऊन सांगितलं. सरांनी त्याला तयार केलं, कसं ते मला ठाऊक नाही; दोघंच बोलत बसले होते. तेव्हा आपल्या जिल्ह्यात एकापेक्षा जास्त औषधांचा एकत्र उपचार नुकताच काही वर्षांपूर्वी सुरू झाला होता. वर्धा या बाबतीत देशातल्या अगदी पहिल्या जिल्ह्यांपैकी. त्याच्या प्रकारच्या रोगाला चोवीस महिने औषध घ्यावं लागे. महिन्यातून एकदा डोस समोर बसवून देत, बाकीच्या गोळ्या घरी. पहिल्या डोसानंतर लघवी लाल होते, कातडी काळवंडते. हे आधी सांगितलं नाही तर माणूस घाबरून औषध सोडतो. दर महिन्याला त्याला सायकलवर घेऊन जाण्याचं काम सरांनी मला दिलं. चोवीसपैकी एकवीस वेळा मी गेलो, तीनदा परीक्षा आणि आजारपण आडवं आलं. त्याचा रोग बरा झाला. बोटं सरळ झाली नाहीत. औषधानं जंतू मरतात, मेलेली नस परत येत नाही. दोन वर्षांपूर्वी सुरू झालं असतं तर बहुधा हात वाचला असता, हे मला तिथल्या डॉक्टरांनी काही न लपवता सांगितलं. पोरीचं लग्न पुढे दुसरीकडे झालं.

मी औषधनिर्माता झालो. लोक विचारतात, प्रेरणा कोणाची? मी काहीतरी सांगून वेळ मारून नेतो.

आता शिबिराचं. पंचवीस-तीस वर्षं सरकारी नोकरीत मी अशी शिबिरं पाहिली, काहींत औषधं वाटली. मांडव, फलक, पाहुण्यांचे सत्कार अकरा वाजेपर्यंत. मग चारशे माणसं तीन तासांत. एका बाईचं ब्लडप्रेशर खूप वाढलेलं निघतं, तिला पाच दिवसांच्या गोळ्या मिळतात, कारण नमुन्याची पाकिटं तेवढीच आलेली असतात. सहाव्या दिवशी तिनं काय करायचं? तिला बरं वाटतं म्हणून ती गोळी सोडते. गेल्या वर्षी अशाच एका शिबिरातला माणूस महिन्याभरानं अर्धांग होऊन आमच्या केंद्रात आला. त्याच्या खिशात शिबिराचं कार्ड होतं, त्यावर आकडा व्यवस्थित लिहिलेला होता. तपासणी झाली होती. त्याच्या घरी मात्र कोणी गेलं नव्हतं.

आपल्या शेजारी सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९६९ पासून काय करतात? नव्या मुलांना आधी आश्रमात राहायला लावतात, मग प्रत्येक तुकडीला एक गाव आणि प्रत्येक विद्यार्थ्याला काही घरं वाटून देतात. त्याच घरांत ती मुलं पुन्हा पुन्हा जातात. डॉक्टर व्हायच्या आधी त्यांना त्या घरातली भांडणंसुद्धा माहीत होतात. आपली नववीची पोरं डॉक्टर होणार नाहीत, पण पुन्हा जाणं त्यांना जमतं. मोठ्या माणसांपेक्षा जास्त जमतं. त्यांना चहा पाजावा लागत नाही आणि त्यांना कोणी दारातून परत पाठवत नाही.

म्हणून माझी मागणी अशी. आपल्या वर्गात दोन डॉक्टर आहेत, एक भगिनी नर्स आहे, मी आहे. महिन्यातून दोन रविवार ती कोपऱ्यातली खोली मुख्याध्यापकांनी उघडून द्यावी. पैशातून ब्लडप्रेशरची दोन यंत्रं, साखर तपासायच्या पट्ट्या, एक चांगला वजनकाटा आणि जाड पडदा घ्यावा. उरलेले पट्ट्यांसाठी राखून ठेवावेत, त्या संपत राहतात. औषधं आपण वाटायची नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती फुकट आहेत, तिथपर्यंत माणूस पोचवायचा. नववीच्या प्रत्येक जोडीला दहा घरं. काम एकच, गोळ्या संपल्या का, पुन्हा गेलात का, हे विचारून वहीत लिहायचं. कुष्ठरोग संपला असं समजू नका. २००५ च्या अखेरीस देशात दर दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण उरले असं जाहीर झालं, तरी अजून वर्षाला लाखाच्या घरात नवे रुग्ण निघतात. औषध आता सहा महिने किंवा बारा महिने, आणि फुकट. पोरांना चट्टा ओळखायला मी शिकवीन. गप्प राहायलाही मीच शिकवीन, तेवढा अधिकार मी कमावला आहे.

पालकांची लेखी परवानगी लागेल, परीक्षेच्या महिन्यात बंद ठेवावं लागेल, आणि आपल्यापैकी कोणीतरी दर वेळी हजर पाहिजे. पुण्या-मुंबईच्या मित्रांकडून मला पैसे नकोत, त्यांनी दिलेत तेवढे पुरे. वर्ध्यात राहणाऱ्यांचे रविवार हवेत. मागच्या टेबलावर वही ठेवली आहे. पहिल्या पानावर तारखा आखल्या आहेत, पहिल्या दोन रविवारी माझं नाव आहे, तिसरा रिकामा आहे.