दहावीनंतरची वाट
(धर्मग्रामाच्या ज्युबिली समारंभात केलेले भाषण)



ज्युबिलीचा दिवस हा मागे वळून पाहण्याचा दिवस होय. तथापि आज मी जो विषय आपणापुढे मांडणार आहे, तो पुढच्या सतरंजीवर बसलेल्या मुलामुलींचा आहे. आपल्या दीपनगरात तयार होणारी वीज दूरदूरच्या घरी दिवे लावते. परंतु याच परिसरात ठेकेदाराकडे रोजंदारी करणाऱ्या, शेतात निंदणी व कापसाची वेचणी करणाऱ्या कुटुंबांतील किती मुले हायस्कुलातून कॉलेजात पोहोचतात, हा प्रश्न आपण स्वतःस विचारला पाहिजे.

आरंभी माझीच एक चूक कबूल करतो. काही वर्षांपूर्वी शेजारच्या वस्तीतील एका मुलास दहावीत उत्तम गुण मिळाले. मीच त्याच्या गळ्यात हार घातला, हातावर पेढा ठेवला, चार शब्द बोललो आणि घरी आलो. पुढे त्याची चौकशी केली नाही. दिवाळीच्या सुमारास तो मला वीटभट्टीवर विटा वाहताना दिसला. ‘‘का रे, कॉलेजात गेला नाहीस?’’ असे विचारता तो म्हणाला, ‘‘सर, दाखला येळेवर भेटला नाही. मंग कोनाले इचारू?’’

हे त्याचे उत्तर मी अद्याप विसरलो नाही. तो मुलगा परीक्षेत नापास झाला नव्हता; नापास झालो होतो तो मी. कारण ज्यास विचारावयाचे, तो मनुष्य मीच होतो.

आपली समजूत अशी असते की, गरिबाचे मूल अभ्यासात मागे पडते म्हणून शिक्षण सोडते. पुष्कळदा तसे नसते. ते निकाल आणि प्रवेश यांमधल्या थोड्याशा आठवड्यांत हरवते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, आधारशी जोडलेले बँकेचे खाते, फी, राहण्याची खोली, खानावळ, एस.टी.चा पास, या साऱ्या गोष्टी एकदम अंगावर येतात. २०२५ सालापासून अकरावीचा प्रवेशही साऱ्या महाराष्ट्रात ऑनलाइन झाला आहे. शिकलेल्या घरात हे सर्व थोरला भाऊ पाहतो. ज्या घरातून पहिलेच मूल कॉलेजच्या वाटेला लागते, तेथे पाहणारे कोणीच नसते.

ही गोष्ट ओळखलेली माणसे आपल्या महाराष्ट्रात होऊन गेली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. त्यात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत व एका पंक्तीस जेवत. त्या मुलांच्या अन्नासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने दिले, अखेर मंगळसूत्रही दिले. १९४७ साली साताऱ्यास त्यांच्या संस्थेचे कॉलेज निघाले. गरीब मुलांनी श्रम करावे व शिकावे, हा तेथील मार्ग होता. आधी मुलाच्या भाकरीची व निजण्याच्या जागेची सोय, मग पुस्तक, हा क्रम कर्मवीरांनी कधी सोडला नाही.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्या खानदेशातच, अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात, साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात शिक्षक होते व तेथील वसतिगृह सांभाळीत होते. मुलांच्या खोल्या झाडणे, त्यांचे कपडे धुणे यांतही त्यांस कमीपणा वाटला नाही. त्या काळी पुढील शिक्षणासाठी खानदेश सोडून जावे लागे. १९४५ साली अमळनेर व जळगाव येथे कॉलेजे निघाली, आणि १९९० साली जळगावास विद्यापीठही झाले. कॉलेज आता जवळ आले आहे. जवळ यावयाचे राहिलो आहोत ते आपण.

सरकारी मदत मुळीच नाही असेही नव्हे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्त्या आहेत, वसतिगृहे आहेत. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी ‘स्वाधार’ व जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी ‘स्वयम्’ या योजना आहेत. २०२४-२५ पासून, ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील पात्र मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली आहे. परंतु या सर्व पेट्यांस कुलपे आहेत, आणि त्यांची किल्ली म्हणजे वेळेवर हाती असलेला कागद.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली : मूल नववीत जाताच त्याचे दाखले काढावयास घ्यावे, निकालाची वाट पाहू नये. दुसरी : एका मुलामागे एक जाणता मनुष्य असावा, व त्याने त्या मुलाची साथ कॉलेजचे पहिले वर्ष पुरे होईपर्यंत सोडू नये, कारण पहिल्या सहामाहीत इंग्रजीतील व्याख्याने ऐकून घाबरलेली मुले मुकाट्याने घरी परततात. तिसरी : आपले सभागृह सायंकाळी अभ्यासासाठी उघडे ठेवावे, आणि आपल्यातील कॉलेजात शिकणाऱ्या तरुणांनी तेथे गणित व इंग्रजी शिकवावे. ज्यास पैसा देणे शक्य नाही, त्याने आठवड्याची एक सायंकाळ द्यावी. मूल कोणत्या धर्माचे वा जातीचे, हे मात्र दारात कोणी विचारू नये.

जळगावच्या विद्यापीठास २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव दिले गेले. त्या माउलीस लिहितावाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी व आणखी एका नातलगाने उतरून घेतल्या, म्हणून त्या आपणास लाभल्या. जवळचे कोणी कागद घेऊन बसले, म्हणून एवढे धन वाचले! आपल्या वस्त्यांतही असे धन आहे. कागद घेऊन बसणारे मात्र हवे आहेत.

त्या वीटभट्टीवरील मुलाची धाकटी बहीण यंदा नववीत आहे. येत्या सोमवारी तिच्या वडिलांबरोबर मी तिचा दाखला काढावयास जाणार आहे. तिच्याच वर्गात आणखी मुले आहेत. त्यांच्याबरोबर कोण जाईल, ते आपण आज येथून उठण्यापूर्वी ठरवावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.