तेर सुटलं, मग तेरकर झालो

इअरफोन लावलेत ना? आज गोष्ट एका आडनावाची, माझ्याच. मी तेरकर. मूळ गाव तेर, धाराशिव जिल्हा.

पुण्यात कॉलेजात कुणी विचारलं, "तेर कुठं आलं रे?" की मी म्हणायचो, "लातूरकडं." कोण समजावून सांगत बसणार! गेल्या दिवाळीत हे आजीला सांगितलं, तर ती म्हणाली, "तुझ्या आजोबांनी काम लपवलं, तू गाव लपवतोस."

मग कळलं. गावात आम्ही कुंभार. आजोबा सोलापूरला गिरणीत लागले. तिथं आडनाव विचारलं तेव्हा त्यांनी 'तेरकर' सांगितलं. कुंभार म्हटलं की जात कळते, तेरकर म्हटलं की फक्त गाव.

हा 'कर' असाच लागतो बघा. तेरमध्ये राहणाऱ्याला तेरकर म्हणायची गरजच काय, सगळेच तिथले! गाव सुटलं की ते आडनावात येतं. अर्थात प्रत्येक 'कर' गावाचा नसतो. तुळजापुरात देवीचे पाळीकर पुजारी आहेत, ते पूजेच्या पाळीवरून.

इंग्रजांकडं कधी उलटंही झालं. १२ व्या शतकात विल्यम द हर्टबर्न नावाचा जमीनदार इंग्लंडच्या उत्तरेला वॉशिंग्टन गावात राहायला आला आणि त्यानं जुन्या गावाचं नाव टाकून नव्याचं लावलं. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन त्याच घराण्यातले. त्यांनी मिळालेलं गाव लावलं, आपण सुटलेलं.

आणि तेरचं नाव दूर नेणारे आम्ही काही पहिले नाही. उत्तर कोकणचे आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे आपल्या लेखांत स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवत. म्हणजे तगर या श्रेष्ठ नगराचे स्वामी. हे तगर म्हणजेच आपलं तेर! राज्य ठाण्याला नि पन्हाळ्याला, नाव मात्र तेरणाकाठचं. त्याच्याही कित्येक शतकं आधी, पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकात नोंद आहे, की तगरचं कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराला जायचं.

आणि संत गोरोबाकाका? तेरचेच, आणि कुंभारच. त्यांच्या समाधीला लोक लांबून येतात. आणि आमच्या घरात एकानं कुंभार लपवला, दुसऱ्यानं तेर.

आजोबांना मी दोष देत नाही. परक्या शहरात माणूस म्हणून उभं राहायला त्यांना ते आडनाव लागलं. मला मात्र तशी काही अडचण नव्हती. म्हणून आता कुणी विचारलं तर सरळ सांगतो, "तेरचा, गोरोबाकाकांच्या गावचा. आम्ही कुंभार."

तुमचं आडनाव कुठून आलं? आज रात्री आजी-आजोबांना फोन लावा, विचारा आणि रेकॉर्ड करून ठेवा. माझ्या आजोबांना विचारायचं राहून गेलं. भेटू पुढच्या भागात!