अंगठा द्यायच्या आधी

(पाड्यावरच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज बैठक जमिनीची आहे आणि आम्ही विषय काढतो बाजाराचा. कोणी म्हणेल, दावे पडून आहेत आणि ही पोरं वजनकाट्याचं काय सांगत बसलीत? पण आपल्या आजा-पणज्यांच्या जमिनी कशा गेल्या ते आठवा. मीठ, कापड, लग्नाचा खर्च, खावटीचं भात सावकाराकडून उचललं आणि कोऱ्या कागदावर अंगठा दिला. वर काय लिहिलं ते सावकारालाच ठाऊक. शेवटी गेलेल्या जमिनी आदिवासींना परत द्यायला १९७४ चा कायदा करावा लागला. म्हणजे जमीन आधी दुकानात गेली, मग कचेरीत.

आता सावकार वेगळ्या कपड्यात येतो. पहिला म्हणजे पट्ट्याचा दलाल. "साहेब ओळखीचे आहेत, पैसे द्या, नाव यादीत घालतो." नीट ऐका. वनहक्क कायदा २००६ चा, नियम २००८ चे. दाव्याच्या अर्जाला एक रुपया फी नाही. दावा घ्यायचा तो आपल्या ग्रामसभेच्या वनहक्क समितीने, आणि घेतला की लेखी पोच द्यायची. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असलेली जमीन, जास्तीत जास्त ४ हेक्टर, नवरा-बायको दोघांच्या नावाने मिळते. ती वारसाला जाते, पण विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. म्हणून कोणी "पट्टा विकत देतो" किंवा "तुझा पट्टा विकत घेतो" म्हणाला, तर तो खोटा समजा.

दुसरा, व्यापाऱ्याचा काटा. मोह, हिरडा वेचायला बाया पहाटे रानात जातात, आणि बाजारात एका झटक्यात त्यातलं किलोभर जातं. माल टांगायच्या आधी काटा शून्यावर आहे का बघा. टोपलीचं वजन वेगळं करून घ्या. काट्याला व्यापाऱ्याचा हात, पाय, गुडघा लागू देऊ नका. वजनावर आणि काट्यावर वजनमापे खात्याचा शिक्का असावा लागतो, तो दाखव म्हणा. आणि एक सोपी युक्ती: मिठाची एक किलोची बंद पुडी पिशवीत ठेवा. आधी ती काट्यावर टाका. काटा किलो दाखवत नसेल तर माल उचला आणि पुढे चला. पोत्यामागे दोन किलो "कडता" कापतो म्हणतात. पाच पोत्यांत १० किलो गेले. ते कोणाच्या घरात गेले, हिशोब करा.

तिसरं बियाणं आणि खत. पाऊस लागला की घाई होते, त्याच घाईवर दुकानदार जगतो. पिशवी शिवलेली हवी, लेबल हवं, तारीख बघा, आणि बिल मागाच. "बिल घेतलंस तर जास्त पडेल" म्हणाला तर समजा, काळंबेरं आहे. पेरणी झाल्यावर रिकामी पिशवी, बिल आणि मूठभर बियाणं जपून ठेवा. उगवलं नाही तर तेच आपले साक्षीदार. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे कोणालाही देऊ नका.

चौथं, पैसे दुप्पट. "तू भर, अजून चार जणांना भरायला लाव, मग तुला मिळतील." अशा साखळीवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे. पहिल्याला पैसे मिळतात ते शेवटच्याचेच असतात. आणि शेवटचा बहुतेक आपल्याच पाड्यातला, आपलाच भाचा, आपलीच वहिनी असते. पैसे जातात ते जातातच, नातंही जातं.

फसलेला माणूस लाजून गप्प बसतो. त्या गप्प बसण्यावरच हा सगळा धंदा चालतो. लाज फसवणाऱ्याला वाटू दे. २०१९ च्या ग्राहक कायद्याने जिल्ह्याला ग्राहक आयोग आहे. तिथे साध्या कागदावर तक्रार लिहिता येते, वकील लागतोच असं नाही. पण हातात पावती पाहिजे. कागद नसेल तर आपलं खरं बोलणंही वाऱ्यावर जातं.

म्हणून आजच्या बैठकीत तीन गोष्टी ठरवू. वाचून दाखवल्याशिवाय अंगठा नाही, कोऱ्या कागदावर तर कधीच नाही. जो कागद वाचायचा तो शाळेत जाणाऱ्या पोराने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा. बाजाराला एकटं जायचं नाही, पाच-सहा बायांनी मिळून माल न्यायचा. आणि वर्गणी काढून पाड्याचा स्वतःचा एक काटा घ्यायचा, घरी मोजूनच माल बाहेर काढायचा. काटा कोणाच्या घरी ठेवायचा ते आत्ताच सांगा, म्हणजे येत्या बाजाराच्या आधी तो आणता येईल.

जोहार.